चांदी मळताना

मराठवाड्यातल्या बाईचे चांदीशी नाते जुने आहे आणि ते बरेचसे हिशेबाचे आहे. लग्नातले तोडे किती भाराचे होते, वाळे कोणत्या लेकराच्या बारशाला आले, करदोडा कोणत्या साली मोडला आणि त्यातून बियाणे आणले की दवाखाना भागवला, हे तिला तोंडपाठ असते. परभणी जिल्ह्यात गोदावरी, पूर्णा आणि दुधना वाहतात, जायकवाडीचा डावा कालवाही येतो. तरी पुष्कळशी शेती अजून आभाळाकडे बघूनच होते. पेरणी दारात उभी राहते तेव्हा कापसाचा पैसा संपलेला असतो आणि पेटीतली चांदी सराफाच्या काट्यावर चढते. दागिना हातात घेऊन त्याचे वजन सांगणाऱ्या म्हाताऱ्या सेलू, मानवत, पालम या भागांत आजही भेटतात.

एवढी ओळख असूनही दागिना घडतो कसा हे ऐरणीपाशी बसून बघायची वेळ तिच्यावर क्वचितच आली. घडवणे हे सोनाराच्या घरातले काम, बापाच्या हातून मुलाच्या हातात गेलेले. घालणारीने नमुना सांगायचा, मजुरी ठरवायची आणि वाट पाहायची. मेटल क्ले या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या पदार्थाबद्दल मला आस्था वाटते ती नेमकी इथे. चांदी हातात धरून मळता येते, लाटता येते, तिच्यावर पानाची शीर उमटवता येते आणि मग विस्तवातून काढून ती अंगावर घालता येते, ही गोष्ट ज्या बाईने आयुष्यभर चांदी फक्त तोलली तिच्यासाठी लहान नाही. हे पुस्तक प्रामुख्याने तिच्यासाठी लिहिले आहे. अर्थात चित्रकलेचे शिक्षक, बचत गटांतल्या कार्यकर्त्या आणि सोनारकामात नव्याने शिरलेली मुले यांनाही ते उपयोगी पडेल.

नावात क्ले असले तरी या पदार्थात माती नाही. चांदीची अतिशय बारीक भुकटी, पाणी आणि सेल्युलोजपासून केलेला चिकट बांधक, एवढाच त्याचा संसार. भुकटीचे कण साधारण वीस मायक्रॉनहून लहान असतात, म्हणून तो बोटांना गुळगुळीत लागतो आणि बारीकात बारीक ठसा घेतो. जपानमधल्या मित्सुबिशी मटेरियल्स या कंपनीत मासाकी मोरिकावा यांनी १९९०च्या सुमारास तो सिद्ध केला. त्याच दशकात आयदा केमिकल इंडस्ट्रीज या दुसऱ्या जपानी कंपनीची आर्ट क्ले सिल्व्हर आली. आयदाचा मूळ धंदा उद्योगांच्या टाकाऊ मालातून मौल्यवान धातू परत मिळवण्याचा, आणि तिची क्ले अशाच परत मिळवलेल्या चांदीची असते. आपल्याकडे झारेकरी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले: सोनाराच्या दुकानापुढची धूळ आणि बागेसरीतली, म्हणजे त्याच्या शेगडीतली, राख धुवायची आणि तिच्यातून सोन्याचांदीचे कण वेगळे काढायचे. क्लेचे काम करताना त्यांची नजर अंगी बाणवावी. घासताना पडलेली भुकटी कागदावर धरावी, सुकलेले तुकडे पाणी घालून पुन्हा मळावेत, आणि हात धुतलेले पाणीसुद्धा मोरीत ओतण्याआधी थोडा वेळ निवळू द्यावे.

आता विस्तवाचे. चांदी ९६१.८ अंश सेल्सिअसला वितळते आणि मेटल क्ले तिथपर्यंत नेतच नाहीत. आधी बांधक जळून जातो. मग ६५० ते ९०० अंशांच्या दरम्यान, जिथे कणाला कण टेकला आहे तिथे अणू सरकू लागतात, दोन कणांमध्ये मान धरते, ती जाड होत जाते आणि मधल्या पोकळ्या आटतात. काहीही न वितळता भुकटीचा घट्ट धातू होतो. धातुशास्त्रात याला सिंटरिंग म्हणतात. तत्त्व नवे नाही. दक्षिण अमेरिकेत, आजच्या इक्वेडोरच्या किनाऱ्यावर ला तोलिता इथल्या कारागिरांना प्लॅटिनमचे कण सापडत. पण १७६८ अंशांना वितळणारा हा धातू त्यांच्या भट्टीला दाद देणे शक्यच नव्हते. त्यांनी त्यात सोन्याची भुकटी मिसळून ते तापवले आणि ठोकून एकजीव केले. युरोपाला प्लॅटिनमची नीट ओळख होण्याच्या कित्येक शतके आधीचे हे दागिने आहेत.

काळ्या मातीच्या मुलखात राहणाऱ्याला आकसणे समजावून सांगावे लागत नाही. उन्हाळ्यात रानात पडणाऱ्या भेगांत पाय अडकतो, हे इथले पोर जाणते. मात्र काळी माती पाणी गेले की आकसते आणि पाऊस पडला की पुन्हा फुगते. चांदीचे आकसणे एकदाचेच असते, ते भट्टीत होते आणि परत येत नाही. मोरिकावांच्या पहिल्या क्लेचे आकसणे लांबीत पाव भागाहूनही अधिक होते. पुढे कण आणि बांधक सुधारले, आणि आज प्रचलित असलेल्या चांदीच्या क्ले आठ ते दहा टक्के आकसतात. वीस मिलिमीटर व्यासाचे पदक भट्टीतून अठराचे होऊन बाहेर येते. लांबी दहा टक्के कमी झाली की रुंदी आणि जाडीही तेवढीच कमी होते, म्हणजे घनफळ सुमारे सत्तावीस टक्के घटते. कानातल्या जोडीतला एक डूल पातळ आणि दुसरा जाड लाटला तर ती जोडी जमत नाही, आणि अंगठी करणारीने बोटाचे माप आकसण्याच्या हिशेबाने वाढवून घेतले नाही तर अंगठी करंगळीलाही होत नाही. या पुस्तकात मापांचे कोष्टक सर्वांत आधी दिले आहे. ज्यांना हिशेबाचा कंटाळा आहे त्यांनी निदान तेवढे पान ओलांडू नये.

परभणीच्या हवेचाही विचार करावा लागतो. परदेशी पुस्तकांतल्या सूचना थंड, दमट गावांसाठी लिहिलेल्या असतात. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा बेचाळिसाच्या पुढे जातो, पंखा चालू असतो, आणि पुडीतून काढलेला गोळा लाटेपर्यंत त्याच्या कडा चिरू लागतात. दुपारी हे काम करूच नये. पहाटे किंवा दिवेलागणीनंतर, पंखा बंद ठेवून, ओल्या फडक्याखाली गोळा झाकून आणि तळहाताला खोबरेल तेलाचे बोट लावून बसावे. फार सुकत असेल तर गोळ्यात ग्लिसरीनचा थेंब मळावा. श्रावणात नेमके उलटे होते. वरून कोरडा दिसणारा तुकडा आतून ओला असतो, तो तसाच भाजला तर वाफ होते आणि तुकडा फुगतो किंवा फुटतो. ओल तपासायची सोपी रीत अशी: तुकडा स्टीलच्या थंड ताटलीवर मिनिटभर ठेवून उचलावा. खाली वाफेचा डाग दिसला तर अजून थांबावे.

भाजणे हा या कामातला सर्वांत देखणा भाग. पंचवीस ग्रॅमच्या आतला लहान दागिना भट्टीशिवाय, विटेवर ठेवून गॅसच्या टॉर्चने भाजता येतो. त्यासाठी खोलीत अंधूक उजेड हवा आणि खिडकी उघडी हवी. ज्योत फिरू लागली की आधी धूर निघतो, मग दागिन्यावर क्षणभर पिवळा जाळ धरतो. तो बांधक जळत असतो. जाळ विझला की तुकडा पांढरा पडतो आणि हळूहळू आतून उजळतो. पिकत आलेल्या पपईच्या गराचा असतो तसा फिकट नारिंगी रंग आला की ज्योत त्याच अंतरावर फिरवत राहायची, आकारमानाप्रमाणे दोन ते पाच मिनिटे. इथे डोळा हटू देऊ नये. पृष्ठभाग आरशासारखा थरथरू लागला तर चांदी वितळायच्या उंबरठ्यावर आली असे समजून ज्योत तात्काळ मागे घ्यावी. टॉर्चने केलेले काम लहान डुलांना आणि पदकांना पुरते. ज्या दागिन्याला ताण सोसायचा आहे त्याला भट्टीच हवी, आणि शक्य असेल तर ९०० अंशांना दोन तास, कारण जितका वेळ आणि उष्णता अधिक तितक्या आतल्या पोकळ्या कमी होतात.

विटेवरून उचललेला दागिना पांढराफटक दिसतो आणि नवशिकी हिरमुसते. तो पांढरेपणा म्हणजे मळ नव्हे. पृष्ठभाग अतिशय खडबडीत असतो, उजेड चहूकडे विखुरतो, म्हणून चांदी खडूसारखी दिसते. आपले सोनार जसे रिठ्याच्या पाण्यात पितळी कुंचल्याने दागिना घासतात तसाच हाही घासावा. दोन हात फिरले की खडूतून चांदी वर येते. त्यावर अकीकाच्या दगडाने ओप दिला की झळाळी येते. खोलगट भागांत काळसर छटा हवी असेल तर गंधकाच्या द्रावणात बुडवून उंच भाग पुन्हा उजळावेत. रिठा, अकीक, गंधक: जपानी पदार्थाच्या शेवटच्या पायरीवर आपल्या गल्लीतल्या सोनाराचे सामान लागते.

या पदार्थाचा खरा गुण कोणता, याबद्दल मला स्पष्ट बोलायचे आहे. पुष्कळजण म्हणतात, सोपेपणा. मला ते पटत नाही. सोपा तर साच्यातला ओतीव दागिनाही असतो, आणि बाजारात तो ढिगाने मिळतो. मेटल क्लेचा गुण आहे ठसा घेणे. आपल्या देव्हाऱ्यातले टाक आठवावेत. खंडोबा, भवानी, जोतिबा, बिरोबा. चांदीचा पातळ पत्रा कोरीव ठशावर ठोकून उठवलेले हे देव. लग्नानंतर नव्या घरात येणारे, जेजुरीला भेटवून आणायचे, झिजले की नवे करून घ्यायचे. टाक घडवणाऱ्याची सारी विद्या त्या ठशात असते, आणि ठसा कोरणे हे पोलादाशी झटण्याचे काम आहे. मेटल क्लेला पोलाद लागत नाही. ज्वारीचे कणीस तिच्यावर दाबा, दाणा न्‌ दाणा उमटतो. निंबाचे पान, जुन्या लुगड्याची किनार, खारकेच्या बीची चीर, आजीच्या घरातल्या लाकडी पोळपाटाची नक्षी, यांतले काहीही तिला ठसा म्हणून चालते. बाहेरच्या जगाचा इतका जवळचा स्पर्श चांदीवर घेण्याची दुसरी इतकी साधी रीत मला माहीत नाही.

म्हणूनच परक्या नमुन्यांची नक्कल करत बसणे मला मोठी हानी वाटते. जपानी चेरीची फुले आणि युरोपातली ओकची पाने सरावासाठी ठीक. पण ज्या जिल्ह्याच्या कृषी विद्यापीठाने ज्वारीच्या एका वाणाला ‘परभणी मोती’ असे नाव दिले, तिथे नमुन्यांसाठी दूर जायचे कारण काय? मराठी दागिन्यांनी शेत आणि रान पूर्वीपासून अंगावर घेतले आहे. बोरमाळेत बोर आहे, पोहेहारात पोहे आहेत, कोल्हापुरी साजाच्या मण्यांत जव आहे. कापसाचे फुटलेले बोंड अजून कुणी दागिन्यात नीट आणलेले मी पाहिले नाही. पाच पाकळ्यांची ती सुकलेली चांदणी पदकासाठी जणू तयारच असते. पोळ्याला इथली मुले काळ्या मातीचे बैल करतात. त्या बैलाचे वशिंड, शिंगे आणि जाड मान ज्या बोटांना येते, त्या बोटांना चांदीचा नंदी जड जाणार नाही.

नमुन्यांचा दुसरा मोठा साठा दगडात आहे. गंगाखेड तालुक्यात धारासूरला गुप्तेश्वराचे मंदिर आहे. त्याच्या बाह्यभिंतीवरच्या सुरसुंदरी पाहायला लोक आता दुरून येतात. त्या पाहाव्यात त्यांच्या दागिन्यांसाठी. गळ्यात दाटून बसलेला हार, स्तनांमधून उतरणारी लांब सर, दंडातली केयूरे, कमरेवरून मांडीवर लोंबणारी मेखलेची झालर, पायातले जाड वळे. शिल्पकाराने एकेक मणी सोडवून दाखवला आहे, आणि दागिना अंगावर कुठे टेकतो, कुठे लोंबतो, तेही. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याच्या मंदिरांत आणि बारवेतही अशी नक्षी पुष्कळ आहे. एक कळकळीची विनंती मात्र करते. मूर्तीवर मेण, सिलिकॉन किंवा क्ले दाबून ठसा घेऊ नका. आधीच हवेने आणि शेंदराने झिजलेला दगड त्याने आणखी सुटतो. वही घेऊन बसा, काढा, आणि मग घरी लाकडावर किंवा रबराच्या तुकड्यावर स्वतःचा ठसा कोरा. हाताने काढताना जे डोळ्यांना दिसते ते दाबून घेतलेल्या ठशात कधीच दिसत नाही.

आणि तांड्यांवर जा. जिंतूरकडच्या बंजारा बायांच्या घुगरी, टोपल्या, हासली यांचा जड, खणखणीत बांधा आजच्या नाजूकपणाच्या वेडापुढे फार वेगळा वाटतो. हा ऐवज म्हाताऱ्यांबरोबर संपत चालला आहे. त्याची चित्रे, वजने, कोणता डाग कोणी कधी घालायचा याची माहिती त्यांच्या परवानगीने टिपून ठेवणे हे दागिने शिकणाऱ्या कुणाही विद्यार्थिनीचे पहिले काम ठरावे.

चांदी महाग आहे आणि पुडीतली परदेशी क्ले त्याहून महाग पडते. ज्यांना शिकण्यासाठी मोकळा हात हवा त्यांनी तांब्याने सुरुवात करावी. चांदीच्या क्लेनंतर दीड-दोन दशकांनी, २००८ साली, अमेरिकेत बिल स्ट्रूव्ह यांनी कांस्याची क्ले आणली, आणि पाठोपाठ तांब्याची आली. हे धातू आपल्या मातीला अनोळखी नाहीत. गोदेच्याच खोऱ्यात, नेवाशाच्या उत्खननात, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली, धाग्याच्या अवशेषांसह. १९७४ साली दायमाबादला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा चार भरीव कांस्यमूर्ती सापडल्या. चारींचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. तांब्याच्या क्लेचे कौतुक करताना आपण किती लांबच्या वाटेवर उभे आहोत याची जाणीव असू द्यावी.

तांबे आणि कांस्य यांची एक अडचण आहे. उघड्या हवेत तापवले की प्रत्येक कणावर ऑक्साइडचे कवच चढते आणि कणाला कण धरत नाही. म्हणून हे दागिने स्टीलच्या डब्यात सक्रिय कोळशात पुरून भाजतात. कोळसा हवेतला प्राणवायू खाऊन टाकतो. नारळाच्या करवंटीपासून केलेला असा कोळसा भारतातच मोठ्या प्रमाणावर तयार होतो. याला भट्टी तासन्‌तास एकसारखी तापलेली लागते. वीज मध्येच गेली तर काम वाया जाते, म्हणून भारनियमनाच्या वेळा पाहूनच भट्टी लावावी. पाच-सहा जणींनी मिळून एक छोटी विजेची भट्टी घेणे परवडते. कृषी आणि विज्ञान महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत राखेचे प्रमाण काढायला मफल भट्ट्या असतात. त्यांच्या प्रमुखांशी बोलून सुटीत एखादी कार्यशाळा घेता आली तर उत्तम.

सोनारांना या पदार्थाची भीती वाटण्याचे कारण नाही, हे मी त्यांच्याशी बोलतानाही सांगत आले आहे. भाजून तयार झालेली चांदी ठोकलेल्या किंवा ओतलेल्या चांदीइतकी घट्ट नसते. तिच्यात सूक्ष्म पोकळ्या राहतात, शिवाय ९९९ शुद्धतेची चांदी मुळात मऊ. तिची साखळी करू नये, पातळ कडे करू नये, रोज भांडी घासणाऱ्या हातातली बारीक अंगठी तर नकोच. पदक, डूल, बटण, वेणीतले फूल, साडीची पिन यांत ती शोभते. त्यातही कडी, फासा, डुलाची दांडी आणि फिरकी हे सोनाराच्या हातचेच असावे. डाख कुठे आणि किती द्यायचा, किती तापवायचे आणि कधी थांबायचे, हे त्याला विचारावे. आपला पहिला दागिना गावातल्या जुन्या सोनाराच्या तळहातावर ठेवावा आणि तो काय म्हणतो ते निमूट ऐकावे. त्याने जिथे नख लावून पाहिले तिथे पुढच्या वेळी जाडी वाढवावी. ऐरणीची विद्या आणि या मळण्याची विद्या एकमेकींच्या शेजारी बसल्या तर दोघींचे भले होईल. सोनाराच्या घरातल्या मुलींनीही ऐरणीकडे यावे, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

विक्रीबद्दल थोडे. घरच्या टेबलावर केलेला दागिना विकायला काढला की जबाबदारी बदलते. चांदी ९९९, ९६० की ९२५, हे गिऱ्हाइकाला लिहून द्यावे. तांबे किंवा कांस्य असेल तर तेही. चांदीचा हॉलमार्क आपल्याकडे २००५पासून मिळतो आणि हे लिहिताना तो ऐच्छिक आहे. दागिने नियमित विकायचे ठरवले तर नोंदणीची चौकशी अवश्य करावी. दागिना सिंटर केलेला आहे, तो वाकवू नये, हेही सांगावे. ज्या मुलखात बाई अडीनडीला चांदी मोडते, तिथे मोडताना काय भाव मिळेल हा प्रश्न विचारला जाणारच. उत्तर खरे द्यावे: मोडीत फक्त धातूच्या वजनाचे पैसे येतात, मजुरी येत नाही. आणि मजुरी लावताना स्वतःच्या तासांची लाज बाळगू नये. लाटणे, सुकवणे, घासणे, भाजणे, ओप देणे यांत दिवस जातो. तो दिवस फुकट घालवायचा असे बचत गटातल्या बायांना आजवर पुष्कळदा शिकवले गेले आहे.

तब्येतीची काळजी हा शेवटचा मुद्दा, पण तो महत्त्वाचा आहे. सुकलेला तुकडा कोरडा घासताना धातूची भुकटी उडते, म्हणून तोंडाला मास्क बांधावा किंवा ओल्या स्पंजनेच घासावे. क्लेसाठी घेतलेले लाटणे, ताटली, सुरी पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये. भाजताना सुती कपडे घालावेत, पदर खोचून घ्यावा, आणि लहान मूल खोलीत असू नये. पुढच्या पहिल्या प्रकरणात भट्टीही नाही आणि चांदीही नाही. त्यात वजनकाटा, कंपासपेटी आणि पाच रुपयांची मुलतानी माती आहे. तिचा गोळा लाटून त्यावर ज्वारीचे कणीस दाबा, सुकवा, आधीचे आणि नंतरचे माप वहीत लिहा, आणि मगच पुडी फोडा.